तत्त्वज्ञानाला प्रवेश घेण्याआधी

सीयूईटीचा निकाल लागला की दिल्ली विद्यापीठाचा पसंतीक्रम भरायची घाई सुरू होते. या अर्जात नुसता विषय किंवा नुसतं कॉलेज निवडता येत नाही. अमुक विषय, अमुक कॉलेजात, अशा जोड्या एकाखाली एक लावाव्या लागतात. हिंदू, मिरांडा हाउस, लेडी श्रीराम, सेंट स्टीफन्स ही नावं सगळ्यांनाच हवी असतात. तिथल्या अर्थशास्त्राला किंवा राज्यशास्त्राला गुण पुरणार नाहीत असं दिसलं की यादीच्या खालच्या भागात ‘बी.ए. ऑनर्स, तत्त्वज्ञान’ टाकून ठेवलं जातं. कॉलेज तर मिळू दे, विषयाचं पुढे बघू. मग खरंच तो विषय पदरात पडतो आणि जळगाव-नांदेडच्या घरात, किंवा नोएडा-गुरुग्रामात स्थायिक झालेल्या मराठी घरात, एकच प्रश्न उभा राहतो: याचं पुढे काय? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. शक्य झाल्यास पसंतीक्रम भरण्याच्या आधी वाचावा. माझं म्हणणं थोडक्यात असं की हा विषय विद्यापीठात शिकण्यासारखा आहे, पण कॉलेजच्या नावासाठी नाही आणि यूपीएससीसाठी तर नाहीच. त्यातून जे मिळतं ती युक्तिवाद तपासण्याची आणि तो कागदावर नीट मांडण्याची सवय. ती लागायला तीन-चार वर्षं जावी लागतात आणि तुमचं लिखाण वाचून त्यावर लाल शाई चालवणारा शिक्षक लागतो. ज्या वर्गात हे होत नाही तिथल्या पदवीला मी फारशी किंमत देणार नाही.

आपल्याकडे तत्त्वज्ञान म्हटलं की प्रवचन, पारायण, निवृत्तीनंतरचा छंद असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, म्हणून वर्गात नेमकं काय चालतं ते आधी पाहू. शंकराचार्यांचा मायावाद तिथे श्रद्धेचा विषय म्हणून येत नाही. तो आधी शक्य तितक्या बळकट रूपात मांडायचा आणि मग रामानुजांनी श्रीभाष्यात त्यावर घेतलेले सात आक्षेप एकेक करून तपासायचे: कोणता टिकतो, कोणत्याला अद्वैती उत्तर देऊ शकतो, कोणत्या आक्षेपाने मूळ म्हणणंच चुकीचं समजून घेतलंय. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे नैयायिकांचं अनुमान. चार्वाक विचारतात, ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे तुम्ही सगळीकडे जाऊन पाहिलंत का? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने जवळजवळ हीच शंका युरोपात उपस्थित केली. सूर्य आजवर रोज उगवला एवढ्यावरून उद्याही उगवेल असं म्हणायला आधार काय? हे दोन आक्षेप कुठे सारखे आणि कुठे वेगळे, यावर पाच पानं लिहून दाखवा, असा गृहपाठ मिळाला की पहिल्या वर्षाच्या मुलाची दमछाक होते, कारण त्यात पाठ करण्यासारखं काहीच नसतं. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता समोरच्याची फक्त पाडणारी वितंडा. रात्री नऊच्या वाहिन्यांवरच्या चर्चा कशात बसतात ते वाचकांनी ठरवावं.

हे बाहेरच्या जगात कुठे उपयोगी पडतं? दिल्लीतलंच एक उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशन खटल्याचा निकाल दिला. मूळचे सोलापूरचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांचं ते खंडपीठ होतं. सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली गुन्हा ठरवता येतील का, असा प्रश्न होता. कलमाच्या बाजूने पुढे आलेला एक महत्त्वाचा मुद्दा सार्वजनिक नीतिमत्तेचा होता. तो सुटा करून पाहिला तर त्याचे तीन तुकडे होतात. बहुसंख्य लोकांना ही गोष्ट अनैतिक वाटते. बहुसंख्यांना जे अनैतिक वाटतं त्यासाठी राज्यसंस्था शिक्षा करू शकते. म्हणून ही शिक्षा योग्य. पहिला तुकडा वस्तुस्थितीचा, तो मोजून पाहता येतो आणि वादापुरता मान्यही करता येतो. सगळा भार दुसऱ्या तुकड्यावर आहे आणि तो तिथे कोणी सिद्ध केलेला नाही, नुसता गृहीत धरलाय. न्यायालयाने बोट ठेवलं ते इथेच. लोकांची रूढ नीतिमत्ता आणि संविधानाची नीतिमत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मूलभूत हक्कांवर मर्यादा घालताना पहिली पुरेशी नाही, असं निकालाने म्हटलं. त्यासाठी आधार घेतला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणाचा. बाबासाहेबांनी ‘संवैधानिक नीतिमत्ता’ ही कल्पना त्या भाषणात ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोट याच्याकडून घेतली होती, तसं नाव घेऊन सांगितलं होतं, आणि ही भावना निसर्गतः येत नाही, जोपासावी लागते, असं बजावलं होतं. समाजाच्या नैतिक चिडीला कायद्याचं बळ द्यावं का, हा वाद जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली छेडला, आणि १९५७ च्या वुल्फेंडन अहवालानंतर इंग्लंडात पॅट्रिक डेव्हलिन आणि एच. एल. ए. हार्ट यांच्यात तो पुन्हा रंगला. नीतिशास्त्राच्या वर्गात मुलं हेच वाचतात. नाझचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये फिरवला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये नवतेज जोहर खटल्यात घटनापीठाने पुन्हा वाट मोकळी केली. त्या नऊ वर्षांत लोकमत किती बदललं हा निराळा विषय. पण युक्तिवादाचा कणा तोच राहिला.

यावर एक सरळ आक्षेप येतो. न्यायमूर्ती कायदा शिकले होते, बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. मग तत्त्वज्ञानाची पदवी कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि त्यातून एक चांगला सल्लाही निघतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते तेव्हा तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे वर्ग त्यांनी केले, आणि वीस वर्षांनी, १९३६ साली, जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचं न झालेलं भाषण छापताना ड्यूईंचा आधार घेऊन त्यांचं ऋण मान्य केलं. म्हणजे मुख्य विषय दुसरा असतानाही तत्त्वज्ञानाचा चांगला वर्ग आयुष्यभर पुरू शकतो. दिल्ली विद्यापीठाच्या २०२२ पासूनच्या आराखड्यात हे करण्याची सोय आहे. अर्थशास्त्र, इतिहास, गणित, कशालाही प्रवेश घ्या, जेनेरिक इलेक्टिव्ह म्हणून तत्त्वज्ञानाचे पेपर निवडता येतात. घरात विषयावरून वाद पेटला असेल तर ही तडजोड कमीपणाची मुळीच नाही. पहिल्या दोन सत्रांत तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र घेऊन पाहावं. गोडी लागली तर एम.ए. तत्त्वज्ञानात करायला कोणी अडवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. तत्त्वज्ञानाची मुलं हुशार दिसतात, कारण हुशार मुलंच तिकडे जातात. विषयाने काही केलं याला पुरावा काय? अमेरिकेत हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेत भाषिक आकलन आणि विश्लेषणात्मक लेखन या भागांत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी वर्षानुवर्षं वरच्या स्थानी दिसत. पण त्यावरून विषयाला श्रेय देणं म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडलं म्हणण्यासारखं होतं. २०२५ साली मायकेल प्रिन्झिंग आणि मायकेल व्हास्केझ या दोन अभ्यासकांनी काही लाख अमेरिकन विद्यार्थ्यांची माहिती घेऊन, कॉलेजात येतानाची त्यांची पातळी हिशोबात धरून तुलना केली. तत्त्वज्ञानाकडे वळणारी मुलं आधीच थोडी पुढे असतात हे त्यात दिसलं, आणि तो फरक वजा केल्यावरही तर्क आणि भाषिक आकलनात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी इतरांच्या पुढे राहिले. हा अभ्यास अमेरिकेतला आहे, तिथल्या वर्गांचा आहे. शेवटच्या आठवड्यात ‘मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका’ सोडवून पास होण्याची सोय जिथे आहे, तिथे तोच परिणाम दिसेल असं गृहीत धरता येत नाही. म्हणूनच वही तपासणाऱ्या शिक्षकाचा मुद्दा मी इतका लावून धरतो.

आता यूपीएससी. महाराष्ट्रातून दिल्लीला येणाऱ्या मुलांचा मोठा ओघ ओल्ड राजेंद्रनगर, करोल बाग आणि मुखर्जीनगरकडे असतो, आणि तिथे तत्त्वज्ञानाची ख्याती ‘सगळ्यात छोटा ऑप्शनल’ अशी आहे. ती खोटी नाही. वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण, मुख्य परीक्षेच्या १७५० लेखी गुणांपैकी. २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आला, त्यात साधारण निम्मे गुण प्रसंगाधारित प्रश्नांना; २५० गुणांचा निबंध वेगळा. या सगळ्याला तत्त्वज्ञान पूरक पडतं हे खरं. पण ऑप्शनलची तयारी कोणत्याही शाखेचा पदवीधर काही महिन्यांत नोट्सवर करतो आणि त्यात यशस्वीही होतो, मग तेवढ्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची? शिवाय जागा वर्षाला हजाराच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या घरात, हे गणित कोणत्याही पदवीने बदलत नाही. नोट्सवरचा अभ्यास आणि वर्गातला अभ्यास यांतला फरकही ध्यानात घ्यावा. यूपीएससीच्या अभ्यासक्रमात जातिभेदाच्या संदर्भात गांधी आणि आंबेडकर असा एक घटक आहे. नोट्समध्ये त्याचा तक्ता असतो, डावीकडे एक, उजवीकडे दुसरे. वर्गात आंबेडकरांच्या १९३६ च्या त्या न झालेल्या भाषणाचा मूळ मजकूर आणि त्यावर गांधींनी ‘हरिजन’मध्ये दिलेलं उत्तर समोरासमोर ठेवून विचारायचं असतं की दोघं एकाच प्रश्नाचं उत्तर देताहेत का. तक्त्याने गुण मिळतात, त्याला माझा विरोध नाही. पण जे परीक्षेत अयशस्वी ठरतील, आणि ते बहुसंख्य असतात, त्यांच्या हाती पुढे काय राहतं याचा विचार अठराव्या वर्षीच केलेला बरा.

नोकरीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. तत्त्वज्ञान शिकून तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व्हायचं, ही वाट अरुंद आहे. एम.ए., नेट, पीएच.डी. अशी दहा वर्षं आणि त्यापुढे कायम नेमणुकीची वाट पाहणं. दिल्लीत अनेकांनी तात्पुरत्या नेमणुकांवर उमेदीचा काळ काढलाय, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक कॉलेजांत हा विभागच नाही. ज्यांना याशिवाय करमणारच नाही त्यांनीच हा रस्ता धरावा. बाकीच्यांनी पहिल्या वर्षापासून तत्त्वज्ञानाला एक जोड द्यावी. कायद्याची जोड सगळ्यात नैसर्गिक: पदवीनंतर दिल्ली विद्यापीठाचं तीन वर्षांचं एलएल.बी. सरकारी शुल्कात होतं आणि त्याचा प्रवेश सीयूईटी-पीजीतून मिळतो. संख्याशास्त्र किंवा माहितीचं विश्लेषण शिकलेला तत्त्वज्ञानाचा पदवीधर धोरणविषयक संशोधन संस्थांना उपयोगी पडतो, आणि अशा संस्था दिल्लीत भरपूर आहेत. पत्रकारिता, प्रकाशन, भाषांतर यांतही लिहिता येणारा माणूस लागतोच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या तत्त्वज्ञांना रांगेत उभं करून नोकऱ्या देताहेत, अशी जी आवई हल्ली उठते, तिच्यावर मात्र करिअर बेतू नये. मराठी मुलांकडे एक वेगळी शिदोरी असते. दहावीपर्यंत संस्कृत घेतलेल्यांची संख्या आपल्याकडे चांगली आहे. गुण काढून ते सोडून न देता पुढे नेलं तर न्याय किंवा बौद्ध प्रमाणशास्त्राचे मूळ ग्रंथ वाचता येतात, आणि भारतीय तत्त्वज्ञानात गंभीर संशोधन करायचं तर ते यावंच लागतं.

हा विषय आपला नव्हे, हे दिल्ली-विलायतेचे चोचले, असंही कोणी म्हणतं. त्यांना अमळनेरची आठवण करून द्यावी. १९१६ साली खानदेशातल्या या गावात गिरणीमालक प्रतापशेठ यांनी स्वतःच्या पैशाने तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे विचारवंत तिथे राहून गेले आणि तिथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक देशभरचे अभ्यासक वाचत होते. सुरेंद्र बारलिंग्यांचा भारतीय तर्कशास्त्राची आधुनिक ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ १९६५ साली दिल्लीतूनच प्रकाशित झाला. पुण्यात आणि मुंबईत विद्यापीठांचे विभाग आहेत. घर सोडणं परवडत नसेल तर तिथे शिकण्यात कमीपणा नाही.

दिल्लीच घ्यायची ठरली तर निवड कशी करावी? कॉलेजच्या संकेतस्थळावर वेळ घालवू नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा. कागदावर दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक पेपरांना व्याख्यानांबरोबर ट्युटोरियलचा तास असतो. तो खरंच भरतो का, गटात किती मुलं असतात, सत्रात किती लेख लिहून घेतात, ते शेरे मारून परत मिळतात की नुसते गुण चढतात, हे विचारा. मूळ ग्रंथ वाचून घेतात की गाइडवर भागवतात? या प्रश्नांची उत्तरं चांगली आली तर कमी नावाजलेलं कॉलेजही वर लावायला हरकत नाही, आणि वाईट आली तर मोठं नावही खाली ढकलावं. बारावीला तत्त्वज्ञान किंवा तर्कशास्त्र असण्याची अट नाही, त्यामुळे विज्ञान शाखेच्या मुलांनीही बिचकू नये. गणिताची सवय असलेल्याला सांकेतिक तर्कशास्त्र उलट सोपं जातं. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं; संशोधनाकडे वळायचं असेल तरच चौथं वर्ष करावं. एनसीआरमधलं दुसरं टोक म्हणजे सोनीपतचं अशोका विद्यापीठ. तिथे तत्त्वज्ञान मुख्य विषय म्हणून घेता येतं, वर्गही लहान असतात, पण शुल्क वर्षाला काही लाखांत आहे; शिष्यवृत्ती मिळत नसेल तर कर्ज काढून तिथे तत्त्वज्ञान शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी कॉलेजचं शुल्क काही हजारांत भागतं, मात्र वसतिगृहाच्या जागा मोजक्या असल्याने कमलानगर किंवा विजयनगरमधल्या पीजीचं भाडं हाच खरा खर्च ठरतो, तो आधी धरा. एम.ए.साठी दिल्ली विद्यापीठाचा विभाग आहे आणि जेएनयूचं तत्त्वज्ञान केंद्र आहे. तुघलकाबादला भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेचं मुख्यालय आहे. संशोधनासाठी ही परिषद शिष्यवृत्त्या देते, पीएच.डी.चा विचार असणाऱ्यांनी तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

आपला कल आहे की नाही हे पाहायला कलचाचणीवर पैसे घालवायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबाबत दोन आदेश दिले. ११ तारखेच्या आदेशाने सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला मोठ्या पीठाने त्यात बदल करून रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरण करून मूळ जागी सोडायला सांगितली. दोन्ही आदेश मिळवून वाचा आणि कागदाचे दोन भाग करा. एका बाजूला मोजून ठरवता येतील असे प्रश्न: चावे किती होतात, कुत्री हलवल्याने ते कमी होतात का, निवारे किती लागतील. दुसऱ्या बाजूला मोजून न सुटणारे: प्राण्याच्या दुःखाचं वजन किती धरायचं, फाटकाआड राहणाऱ्याचं मत आणि फुटपाथवर झोपणाऱ्याचं मत यांना समान किंमत आहे का. मग तुम्हाला न पटणारी बाजू अशी लिहा की त्या बाजूचा माणूस म्हणेल, हो, माझं म्हणणं हेच आहे. यात संध्याकाळ कशी गेली ते कळलं नाही तर पसंतीक्रमात तत्त्वज्ञान वर न्या. अर्ध्या पानावर कंटाळा आला तर यादीतून काढून टाका, कॉलेज कितीही चांगलं असो.

शेवटची अडचण भाषेची, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी ती सगळ्यात मोठी. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, पण वाचन मुख्यतः इंग्रजीत असतं, आणि कान्टचं इंग्रजी भाषांतर इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही समजत नाही, एवढाच काय तो दिलासा. जाण्याआधीच्या सुटीत मराठीतून पाया घालता येतो. भारतीय दर्शनांसाठी श्रीनिवास दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’, पाश्चात्त्य परंपरेसाठी ग. ना. जोशींचा ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ आणि मे. पुं. रेग्यांचा ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’. संज्ञा अडल्या की दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला, १९७४ साली आलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ पाहावा. जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत तो चौकशी केल्यास सापडतो. एक प्रकरण मराठीत वाचायचं, त्याच विषयावरचा मूळ उतारा इंग्रजीत वाचायचा आणि लेख इंग्रजीत लिहायचा, या क्रमाने पहिलं सत्र निभावतं. आणि ज्यांची पदवी आधीच झाली आहे, नोकरी गुरुग्रामात किंवा पिंपरीत चालू आहे, त्यांच्यासाठी इग्नूचं एम.ए. तत्त्वज्ञान आहे: दूरस्थ, परवडणारं, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुलं. तिथे स्वाध्याय लिहावे लागतात. ते कोणाचे उतरवून न देता स्वतः लिहा आणि अभ्यास केंद्रावर शेरे देणारा शिक्षक भेटला नाही, तर आणखी दोघा-तिघांना जमवून एकमेकांचे लेख तपासा.